अर्थ बाईचा, आवाज माझा

व्हरांड्यात वेताच्या खुर्च्या मांडलेल्या होत्या. खुर्च्यांवर पाव्हणे. मी खाली फरशीवर, पोतं अंथरून. मांडीवर पुस्तक. पुस्तक पोर्तुगीज भाषेतलं. पान संपलं तसा मी थांबलो, मान वर केली आन माझ्या तोंडून निघून गेलं, "अर्थ?"

सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. मंग हसले.

मोठे साहेब औरंगाबादेहून धरण बघायला आलेले. त्यांच्या बायकोला हसता हसता ठसका लागला. "अहो, हा विचारतोय बघा," ती म्हणाली. मोठे साहेब म्हणाले, "महाराच्या तोंडून पोर्तुगीज ऐकलं. आता अर्थही त्यालाच द्या. काय काळ आलाय."

ज्यांच्या बंगल्यावर हे चाललं होतं, ते आमचे कॅम्पाचे साहेब. त्यांनी पाव्हण्यांची मर्जी राखली. म्हणाले, "पोपटाला पेरू मिळाला की झालं. अर्थ कशाला लागतो पोपटाला?"

आरामखुर्चीत साहेबाची आई बसलेली. मला ते वाचायला शिकवणारी तीच. तिनं काठी फरशीवर आपटली.

"फुडें वाच."

मी वाचलं. पुढचं अख्खं पान वाचलं. पाव्हणे चहा पिऊन राहिले आन मी वाचून राहिलो. कान तापलेले, आवाज मात्र खडा. एक अक्षर चुकलं न्हाई.

काहून वाचलं, ते सांगतो.

मी चवथीपर्यंत शिकलेला माणूस. माझं लिहिणं वाकडंतिकडं. पण या चैतात गया गेली. गया माझी बायको. ही गोष्ट आमा दोघांची होती. आता एकट्यापाशी राहिली. घरात बोलायला कुणी न्हाई, म्हणून लिहून राहिलो.

दुष्काळाचं साल नुकतंच सरलं होतं. पैनगंगेवर धरणाचं काम निघालं. कळमनुरीकडच्या गावागावांतून माणसं मातीवर गेली. आमच्या बुद्धवाड्यातली बहुतेक घरं कुलूप लावून गेली. कुलूप म्हणजे कडीला सुतळी. तांड्यावरचे बंजारा लोकही आले. कॅम्पात साहेबलोकांचे बंगले वर टेकाडावर आन आमच्या पालांची लाईन खाली, नाल्याच्या कडंला.

मला जरा बरं काम लागलं. जमीन मोजणाऱ्या दुर्बीणवाल्यापुढं लाल-पांढरी पट्टी उभी धरायची. हलायचं न्हाई. तो हात करंल तसं सरकायचं. पण ते रोजच्या हजेरीवरचं. आज हाय, उद्या मुकादमाच्या मनावर. गया टोपलं वाहायची. खालून माती भरायची, वर बांधावर टाकायची. आन गयाला दिवस गेलेले.

आधीचं एक पोट वाया गेलं होतं. तेही टोपल्यापायीच. सुईणीनं बराबर सांगितलं होतं, यावेळी डोक्यावर वजन घेतलं तर हेबी राहणार न्हाई. पण टोपलं टाकून बसायचं कुणाच्या जिवावर? पट्टी धरणारा खलाशी नोकरीत कायम झाला की कॅम्पात पत्र्याची खोली मिळायची. कायम माणसाच्या बायकोला मातीवर जायची गरज राहायची न्हाई. मला बस ते पाहिजे होतं. कायम. दुसरं काही न्हाई.

ऐतवारी सांजच्याला आमी लाईनीत वंदना घ्यायचो. गाथा म्हणायचं काम माझ्याकडं. एकदा साहेब कुत्रं फिरवत खाली आले, थांबले, ऐकलं. दुसऱ्या दिवशी बोलावणं आलं. साहेब गोव्याकडचे. क्रिस्ताव. त्यांची बायको-लेकरं तिकडंच. इथं बंगल्यावर फक्त म्हातारी आई. तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, आपरेशन बिघडलेलं. हातभर अक्षर असलं तर दिसायचं, पुस्तकातलं न्हाई. तिचा जीव पुस्तकांत. पुस्तकं सगळी पोर्तुगीज. साहेबाला ती भाषा वाचता यायची, पण आईपाशी बसायला वेळ नव्हता.

साहेब म्हणाले, आवाज चांगला आहे तुझा. आईकडून अक्षरं शिक, तिला वाचून दाखव. तुझं कायमचं मी बघतो.

मी हसत हसत खाली आलो. गयाला सांगितलं. ती म्हणाली, "साहेबाच्या मायला वाचून दावायचं आन आपली खोली व्हायची? लई सोपं हाय की." मंग चुलीत लाकूड सारलं. तिला सोप्या गोष्टीचं भ्या वाटायचं.

बाई खुर्चीत, मी फरशीवर. आधी दारामागच्या नळावर हात धुवायचे. पोतं माझं मी आणायचं. चहा मिळायचा, पण कान तुटलेल्या कपात. तो कप मागल्या बाजूला खिडकीच्या कट्ट्यावर उपडा ठेवलेला असायचा. मला वाटायचं, यांनी देव बदलला तरी कप बदलला न्हाई.

बाई शहाबादी फरशीवर खडूनं हातभर अक्षर काढायची. वाकून, डोळे बारीक करून. आन त्याचा आवाज सांगायची. मला इंग्रजी एबीसीडी अर्धीमुर्धी यायची, त्यानं उलटा घोटाळाच झाला. इथं लिहिलेलं एक आन म्हणायचं दुसरं. शेवटाला ओ लिहिला तर म्हणायचं उ. एक्स दिसला तर बहुतेक जागी श. सीच्या पायाला शेपटी लावली की स. एच्या डोक्यावर गांडुळासारखी वळवळती रेघ असली की आवाज नाकातून काढायचा, सर्दी झाल्यासारखा. चुकलं की काठी फरशीवर वाजायची. अंगावर कधी मारली न्हाई. फरशीवरच. पण माझ्या मांडीजवळ.

एच नावाचं एक अक्षर होतं. शब्दाच्या तोंडाशी उभं राहतं आन आवाजच करत न्हाई. बाई तिच्या कोकणीत म्हणायची, तो मोनो. म्हणजे मुका. पण एल नायतर एनच्या मागं जाऊन उभा राहिला की त्यांचा आवाज बदलतो, ल्य होतो, न्य होतो. आपण स्वतः मुकाच. ते अक्षर मला सगळ्यांत आधी पाठ झालं. माझा आजा पाटलाच्या दारात तसाच उभा राहायचा. त्याच्या राबण्यानं पाटलाचा वाडा बोलायचा. आजा मुका.

शिकलो. खोटं काहून सांगू, मला गोडी लागली. पट्टी धरून उन्हात उभं असताना मी मनात अक्षरं जुळवायचो. बाईही एकदा तोंडभरून म्हणाली, तुझी जीभ वळते. धडधड वाचायला लागलो. ओळ डोळ्यापुढं आली की तोंडातून बराबर बाहेर. पण आत काहीच जायचं न्हाई. डोळ्यातून तोंडात, तोंडातून बाईच्या कानात. मधी मी कुठंच न्हाई.

गया रोज इचारायची, "आज काय वाचलं?"

"पुस्तक."

"ते समजलं. पुस्तकात काय झालं? कुणी मेलं का? कुणाचं लगीन झालं?"

काय सांगणार? एकदा लाजंपायी बनवून सांगितलं. म्हणलं, एक राजा होता, त्याची गाडी घाटात बंद पडली, त्याची राणी रुसून माहेरी गेली, मंग राजानं तिला आणायला भेळभत्ता देऊन माणूस पाठवला. गया भाकर थापत ऐकत होती. म्हणाली, "ह्यो राजा वारंगा फाट्यावरचा ट्रकवाला हाय. त्याच्या बायकोची गोष्ट म्याच तुमाला सांगितली व्हती." मंग हसली, हसता हसता भाकर मोडली. पण हसणं थांबल्यावर तिनं माझ्याकडं बघितलं, ते मला आवडलं न्हाई. तिला कळलं होतं की तिचा नवरा जे वाचतो ते त्याला ठाव न्हाई.

आता आमच्या वाड्यातली एक रीत सांगावी लागंल. धर्म बदलला तवा पालीतल्या गाथा आल्या. पाली आमच्या कुणाच्या बापाला येत न्हाई. धोंडबामामा आमच्या वाड्यातले जाणते. त्यांनी पहिल्याच सभेत सांगितलं होतं की आपल्या बापजाद्यांनी लांब उभं राहून दुसऱ्याचे मंतर ऐकले. कळत काही नव्हतं, भ्या तेवढं वाटायचं. आता तसलं न्हाई. जो गाथा म्हणंल त्यानं तिथंच अर्थ सांगायचा, आपल्या बोलीत. न्हाईतर खाली बसायचं. तवापासून आमच्यात रीत पडली. एकानं गाथा म्हणली की सगळी सभा एका आवाजात इचारायची, "अर्थ?" आन म्हणणाऱ्यानं सांगायचा. लेकरू असलं तरी सुटका न्हाई. एकदा परभणीहून आलेल्या शिकलेल्या पाव्हण्यालाही आमच्या बायकांनी तसंच थांबवलं होतं. तो घामाघूम झाला. दुसऱ्या खेपंला तयारी करून आला.

पान संपल्यावर माझ्या तोंडातून "अर्थ?" निघालं ते असं. हुशारी न्हाई, उलटून बोलणं न्हाई. सवय. वाचणं संपलं की अर्थ येतो, असं माझ्या हाडात बसलेलं. साहेबलोकांत ती रीत नसती, हे मी पाव्हण्यांपुढं इसरून गेलो.

त्याच्या आधी बाईला एकटीला मी एकदा मुद्दाम इचारलं होतं. त्या पुस्तकात 'कोरासांव' असा एक शब्द फिरून फिरून यायचा. एके दिवशी तो आला आन बाई रडायला लागली. बिनआवाजाची. नुसतं पाणी. मी थांबलो. माझ्या तोंडातून काय निघालं की ही म्हातारी रडून राहिली? शब्द मी बोललो आन मी कोरडा. मला आपल्याच तोंडाचं भ्या वाटलं. मी इचारलं, बाई, हे काय लिहिलंय?

बाईनं डोळे पुसले. म्हणाली, "तुका अर्थ कित्याक जाय?" तुला अर्थ कशाला पाहिजे? मंग सावकाश, जसं लेकराला शिकवावं तसं म्हणाली, "अर्थ म्हजो. आवाज तुजो."

अर्थ माझा, आवाज तुझा. वाटणी झाली. मी मान डोलवली आन पुढं वाचलं. वाटलं, कायम होऊ दे. मंग बघू. खोली होऊ दे. लेकरू हातात येऊ दे. माणूस असाच अडकतो. दार बंद करायला कुणी येत न्हाई, आपणच आतून म्हणत राहतो, थोडे दिवस.

पाव्हणे गेले त्या सांजेला मी लाईनीत आलो. गया चुलीपुढं होती. मी काही सांगणार नव्हतो. पण बंगल्यावरचं सगळं कॅम्पात आधीच पसरलेलं. पाणी आणायला गेलेल्या बायकांनी तिला सांगितलं होतं. पोपट, पेरू, सगळं.

ती म्हणाली, "मंग पुढं वाचलं?"

"वाचलं."

"काहून?"

"तुझ्यासाठी."

तिनं तवा खाली उतरवला. मला वाटलं रडंल. गया रडणारी बाई नव्हती.

"आवो, माझ्या डोक्यावरचं टोपलं तुमच्या जिभंवर ठेवू नका. टोपल्यात काय हाय ते मला दिसतं. माती हाय. कुठं टाकायची ते म्हाईत हाय. तुमी काय वाहून राहिले ते तुमालाच ठाव न्हाई."

मी म्हणलं, पोटाचं काय? मागल्या खेपंला काय झालं ते इसरलीस?

"इसरंन कशी," ती म्हणाली. "माझंच पोट हाय. भ्या मलाबी हाय. पण उद्या लेकरू इचारंल, बाबा काय काम करत व्हते. काय सांगू? पोपट व्हते?"

मी रागानं उठून बाहेर गेलो. नाल्याच्या कडंला बसलो. राग तिचा न्हाई. मला जे म्हणायला पाहिजे होतं ते ती म्हणाली, याचा राग.

सकाळी बंगल्यावर गेलो. हात धुतले. पोतं आणलं न्हाई. बाईपुढं उभा राहिलो. तिला उभा माणूस धुरकट दिसत असंल, ती म्हणाली, बस.

मी म्हणलं, "बाई, आजपासून म्या एक ओळ वाचतो, तुमी एका ओळीचा अर्थ सांगा. मंग दुसरी."

काठी वाजली. एकदा, दोनदा. मी हललो न्हाई. पट्टी धरून उभं राहायची सवय होती मला. बाईनं साहेबाला हाक मारली. साहेब अर्ध्या गालाला साबण तसाच ठेवून बाहेर आले. ऐकून घेतलं. त्यांना राग आला न्हाई, नवल वाटलं. म्हणाले, "सावलीत बसून नुसतं वाचायचं. डोक्यावर ओझं आहे का काही?"

"व्हय साहेब. डोक्यावरचं दिसतं. हे दिसत न्हाई."

"लाडावलास," ते म्हणाले. "जा खाली."

पुस्तक मी टेबलावर ठेवलं आन पायऱ्या उतरलो. त्याच दिवशी मुकादमानं माझ्या हातातली पट्टी काढून दुसऱ्याला दिली. मला खडीवर घातलं.

इथं संपलं असतं तर मी ह्या गोष्टीला किंमत दिली नसती. रागात माणूस काहीबी करतो. रागात तर बैलबी दावं तोडतो. खरी तकलीफ पुढं आली.

काही दिवस गेले. म्हातारीनं जेवण टाकलं, असं कानावर आलं. साहेबानं इंग्रजी शिकलेल्या एका कारकुनाला बसवून बघितलं. त्याला ते नाकातले आवाज जमंनात, बाईनं त्याला हाकलला. मंग एके सकाळी हजेरीच्या वेळी साहेब स्वतः खाली आले. सगळी माणसं उभी. बाया एका बाजूला, टोपली घेऊन. साहेब माझ्यापुढं आले. हळू बोलले. माणसासारखे बोलले, ते जास्त अवघड गेलं.

"आई जेवत नाही. आजपासून तू कायम. खोलीही आजच घे. फक्त वाच. विचारू काही नकोस."

कायम. माझ्या हाताला खडीनं फोड आलेले. मला ती आंधळी म्हातारी दिसली, खुर्चीत, भाकरीला हात न लावता. तिनं मला अक्षर दिलं होतं हेबी खरं. आन समोर गया, पोट आता लुगड्यातून दिसून राहिलेलं.

मी गयाकडं बघितलं. वाटलं, ती डोळ्यानं काही सांगंल. हो म्हणंल. तिनं हो म्हणलं असतं तर मी गेलो असतो, हे लिहून ठेवतो.

गयानं काहीच सांगितलं न्हाई. ती खाली वाकली. टोपलं उचललं, चुंबळ नीट केली, डोक्यावर घेतलं आन बांधाची चढण चढायला लागली. मागं बघितलं न्हाई.

मी साहेबाला म्हणलं, "अर्थासकट वाचतो. आत्ता येतो."

"तो आईचा आहे. ती देणार नाही."

"मंग आवाज माझा हाय. म्या देणार न्हाई."

साहेब वळले. मुकादमाला म्हणाले, "याला टोपलं दे."

दिलं. मी घेतलं. गयाच्या मागं बांध चढलो.

लेकराचं सांगतो. आमच्या संगं मातीत तांड्यावरच्या बाया फावड्यावर होत्या. त्यांनी कुणाला न इचारता एक केलं. गयाचं टोपलं भरताना माती दाबायची न्हाई, वरून नुसती पसरायची, भरल्यासारखी दिसायला. मुकादम लांबून बघायचा, त्याला शीग दिसायची. तशी ती शेवटपर्यंत चढली-उतरली. पोरगी झाली. जगली. आज ती नांदेडला शाळंत शिकवती. पण गयाची मान तवा धरली ती धरलीच. म्हातारपणी तिला वर बघता यायचं न्हाई. आभाळ बघायचं असलं की खाटंवर आडवी व्हायची. शेवटले दिवस मी तिच्या मानंला तेल चोळायचो. ती म्हणायची, "चोळा. अर्ध टोपलं तुमचंबी व्हतं."

ती म्हातारी गोव्याला गेली. नंतर तिचं काय झालं मला म्हाईत न्हाई. कोरासांवचा अर्थ मी आजपावेतो कुणाला इचारला न्हाई. पुढं मोबाईलवर फुकट मिळायला लागला तवा मला नको झाला. तिनं द्यायला पाहिजे होता. तवाच.

लोक मला म्हणतात, आता वय झालं, कुठं भांडत बसतो. बायको गेली, शांत राहा. सभेत माईकवाला म्हणतो, माझ्या मागं म्हणा. पंचायतीत कुणी इंग्रजी वाचून दाखवतो आन म्हणतो, आजोबा, हात वर करा. दवाखान्यातला पोरगा म्हणतो, तुमाला काय कळतंय, अंगठा टेका. अंगठा टेका म्हणतो, मला. ज्याची सही चवथीपासून हाय त्याला.

गया असती तर आमी दोघं बोललो असतो. आता एकटाच बोलणार. जे मला समजलं न्हाई ते माझ्या तोंडातून निघणार न्हाई, माझा हात वर होणार न्हाई, मान डोलणार न्हाई. आधी समजाव. तुला वेळ नसंल तर थांब, मला लई वेळ हाय. समजलं आन पटलं तर तुझ्यापेक्षा मोठ्यानं म्हणीन. न्हाईतर तुझं तूच म्हण.

माझं तोंड भाड्यानं मिळत न्हाई.